एका रात्रीवरून बँडचा पंचनामा

फुटाळ्यावरचा

परवा 'सातवी तार' या सभासदानं एक पोस्ट टाकली. सार असं: जो मेटल (म्हणजे जोरकस, भारी गिटारचं रॉक) बँड स्टेजवर दर वेळी सारखा वाजवू शकत नाही, त्याचे अल्बम कितीही भारी असोत, कचऱ्यात टाका, कारण स्टुडिओत कोणीही देव बनते. कारण काय, तर साहेब बंगळुरूला एका मोठ्या विदेशी बँडला पाहून आले आणि गायकाचा आवाज फाटला होता. बँडचं नाव घेत नाही, नाही तं अर्धा धागा त्यातच जाईल.

पोस्ट वाचता वाचता माझे तर्री-पोहे थंड झाले. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, डार्कथ्रोन हा नॉर्वेचा मेटल बँड कित्येक वर्षांपासून स्टेजवर चढतच नाही. मग त्यांना शून्य मार्क का? दुसरी, 2004 ला इंग्लंडात डोनिंग्टनच्या डाउनलोड फेस्टिव्हलला मेटालिकाचा ड्रमर लार्स आजारी पडला आणि त्याच्या जागी दुसऱ्या बँडचे लोम्बार्डो आणि जॉर्डिसन ड्रमवर बसले. त्या दिवशीच्या कार्यक्रमावरून तू नेमकं कोणाला जोखणार? तिसरी, गळा म्हणजे मांस आहे, मशीन नाही. आयर्न मेडनच्या गायकाच्या, डिकिन्सनच्या, जिभेला गाठ निघाली, 2015 ला उपचार झाले, 2016 ला तो पुन्हा दौऱ्यावर. मेगाडेथ बँडच्या गायकाला, मस्टेनला, 2019 ला घशाचा कॅन्सर, 2020 च्या जानेवारीत पुन्हा स्टेजवर. यांच्या एका रात्रीच्या वरच्या सुरावरून तू पूर्ण बँडला निकालात काढतो?

आणि फोनवरच्या क्लिपा पाहून मत बनवणाऱ्यांना हात जोडतो. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडनचा दौरा मुंबईतून सुरू झाला, डिकिन्सन स्वतः विमान चालवत आला होता. मी विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो होतो. माझ्या तेव्हाच्या फोनमध्ये जे रेकॉर्ड झालं ते ऐकलं तं टिनाच्या डब्यात खडे घालून कोणी हलवून राहिलं असं वाटते. प्रत्यक्षात मी दोन दिवस बोलू शकलो नव्हतो.

सातवी तार

वा. माझी पोस्ट अर्धीच वाचली आणि उत्तर पूर्ण दिलं. एका रात्रीबद्दल मी बोललोच नाही, मी सातत्याबद्दल बोललो. म्हणजे तुमच्या मते अनेक रात्रींची सरासरी काढायची. भाऊ, मी सरासरीचं तिकीट काढत नाही, त्या एका रात्रीचं काढतो. साडेतीन हजार तिकीट, संघमित्रा एक्स्प्रेसचा प्रवास, ऑफिसात दोन दिवस बिनपगारी. सावजीत एक दिवस मीठ जास्त पडलं तर खाऊन घेऊ. दर तिसऱ्या दिवशी पडत असेल तर आचारी बदला म्हणतो ना आपण? मेटलवाल्यांना वेगळा नियम काहून?

आजाऱ्यांना मध्ये आणून रडवू नका. मी पाहिलेल्या बँडचा गायक धडधाकट होता, फक्त तयारी नव्हती. आणि 'लाइव्ह अल्बम'चं कौतुक तर सांगूच नका. ज्युडास प्रीस्ट बँडचा 1979 चा 'अनलीश्ड इन द ईस्ट' आठवा. गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा गायलं हे खुद्द त्यांच्या गायकानं, हॅलफर्डनं सांगितलंय. फॅन लोकच त्याला 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' म्हणतात.

तर्रीवाला

प्रीस्टचं नाव काढलंच आहे तं सांगतो, तो अल्बम मी आजही लावतो. कुठे गायलं त्यानं मला फरक पडत नाही. चला, पुढे भांडा.

काळी दोन

माझं वय साठीकडे झुकलंय, मुलामुळे हे संगीत घरात आलं. दोघांनाही एक विचारतो. आपल्याकडे म्हणतात, 'आज मैफल लागली नाही.' गवई वाईट आहे, असं कोणी म्हणत नाही. तंबोरा उतरला असेल, पाऊस असेल, समोरचे लोक जांभया देत असतील.

मात्र पट्टीचा मुद्दा खरा आहे. मेडनमध्ये डिकिन्सनच्या जागी ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खालचा, पण जुनी गाणी डिकिन्सनच्याच पट्टीत ठेवली. हार्मोनियमवरच्या काळी दोन पट्टीत गाणाऱ्याला वरच्या काळी पाचमध्ये बसवलं तर तो ओरडणारच. याउलट मेटालिका बऱ्याच वर्षांपासून स्टेजवर अर्धा सूर उतरवूनच वाजवते. ही चोरी नाही, शहाणपण आहे. म्हणजे 'बेसूर गायला' हा दोष कधीकधी गायकाचा नसतो, पट्टी ठरवणाऱ्याचा असतो.

सातवी तार

काका, मान ठेवून सांगतो, मैफलीला लेझर, धूर आणि साडेतीन हजाराचं तिकीट नसते.

फेडरवाला

एवढ्या वेळापासून वाचून राहिलो, आता राहवत नाही. पंधरा वर्षं साउंडचं काम करतो. लोक ज्याला 'बँड खराब वाजला' म्हणतात, त्यातलं निम्मं बँडनं केलेलंच नसते.

गणित करा. मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम), मात्रेला चार ठोके, म्हणजे सेकंदाला तेरा ठोके. पत्र्याच्या छताच्या हॉलमध्ये आवाज दोन सेकंद घुमतो. म्हणजे एका वेळी पंचवीस-सव्वीस ठोके हवेत एकमेकांवर चढलेले. ड्रमर कितीही चोख असो, तुम्हाला फक्त गुर्रर्र ऐकू येणार. उघड्या मैदानात उलटं: वारा सुटला की झांजा एकदा येतात, एकदा जातात. रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक घेतला आणि संध्याकाळी पाच हजार अंगं समोर उभी राहिली की सगळा मिक्स (वाद्यांच्या आवाजाचा मेळ) बदलतो, कारण माणसं वरच्या पट्टीचा आवाज पिऊन टाकतात. पहिली दोन गाणी आम्ही ते सावरण्यातच घालवतो. आणि नेमक्या त्याच दोन गाण्यांचे व्हिडिओ सगळे काढतात.

खोट्या टाळीचा ड्रमर

अरे वा, साउंडवाले आले! मग माझा हिशोब चुकता करून टाका. कॉलेजला असताना एका फेस्टला आम्ही वाजवलं. पूर्ण ड्रमसेटला दोन माइक. दोन! किकला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला) लावलेला माइक आदल्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या ढोलकीचा. गिटार कुठेच नाही, गायक मात्र एवढा पुढे की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. साउंडवाल्या पोट्ट्यानं आम्हाला लावणीसारखं मिक्स केलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळे म्हणे, 'तुमचा बँड काही खास नाही बे.' बारा वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

फेडरवाला

तो मी नव्हतो, पण त्याच्या बाजूनं बोलतो. सतरंजी आणली होती का? मेटलचे ड्रमर गुळगुळीत स्टेजवर सतरंजीशिवाय बसतात आणि किक दर गाण्याला वीतभर पुढे सरकते. मी स्वतः चालू गाण्यात गुडघ्यांवर रांगत जाऊन किकपुढे दोन विटा लावल्या आहेत, आणि वर त्याच ड्रमरच्या शिव्या खाल्ल्या. शिवाय तुमचे गिटारवाले. सांगितलं की अँप (गिटारचा आवाज वाढवणारा डबा) कमी करा, तर मान हलवतात आणि मी कन्सोलवर (आवाज जुळवायच्या टेबलावर) पोचेपर्यंत पुन्हा दहावर. त्यात मधल्या पट्टीचा आवाज पूर्ण काढून टाकलेला, कारण खोलीत एकटं वाजवताना तसं भारी वाटते. मधलाच काढला तर बँडमध्ये गिटार ऐकू कुठून येणार?

खोट्या टाळीचा ड्रमर

सतरंजी नव्हती. पण दोन माइक!

फेडरवाला

दोन माइक चूकच. ते मान्य.

पुण्यात अडकलेली

मी मूळची धरमपेठची. हे सगळं वाचून हसू येतंय, कारण तुम्ही दोघंही मुख्य गुन्हेगाराला सोडून देताय: कार्यक्रम सहाचा, दीपप्रज्वलन साडेसातला. मग शाल, नारळ, प्रायोजकांचं भाषण, प्रायोजकांच्या साडूचं भाषण. रात्री दहाला भोंगा बंद हा नियम सगळ्यांना पाठ. मग शेवटच्या बँडला उरतात पंचवीस मिनिटं, आणि आयोजक विंगेतून मनगटावर बोट आपटत उभा. आमच्या बँडचं सगळ्यात चांगलं गाणं आजपर्यंत लोकांसमोर वाजलेलंच नाही, कारण ते शेवटी ठेवलं होतं. आम्हीही 'सातत्य नसलेला बँड' ना मग?

तर्रीवाला

शेवटी ठेवलंच काहून? नागपूरला राहून शिकले नाही का काही?

सातवी तार

मजा चालू आहे सगळ्यांची. माझा मुद्दा सतरंजीखाली गेला. कॉलेजच्या फेस्टची आणि करोडोंच्या दौऱ्याची बरोबरी करता? त्यांचा साउंडवाला स्वतःचा, कन्सोल स्वतःचं, विटा लावायला माणूस स्वतःचा. त्यांना बहाणा नाही. आणि फुटाळ्यावरचे भाऊ, तुमच्या मेटालिकाचा 2011 चा दिल्लीकडचा शो तर झालाच नाही, लोकांनी स्टेजवर धिंगाणा घातला. तो कुठल्या सरासरीत धरायचा?

फुटाळ्यावरचा

रद्द झालेला शो बँडच्या वाजवण्यात धरतो तू? कमाल आहे बे! दोनच दिवसांनी त्यांनी बंगळुरूला वाजवलं, ते सोयीनं विसरला. मोठ्या दौऱ्याला बहाणा कमी असतो, हे मात्र बरोबर आहे. हो, बरोबर आहे म्हणालो, फोटो काढून ठेव.

पण 2025 च्या 5 जुलैला बर्मिंगहॅमला ब्लॅक सॅबथचा गायक ओझी सिंहासनावर बसून गायला. पार्किन्सन्स, उभं राहता येत नव्हतं. 22 जुलैला गेला. त्या दिवशी कुठला सूर किती खाली लागला हे मोजायला तू वही घेऊन बसणार होतास का?

सातवी तार

ओझीला मध्ये आणू नका. ओझीला सगळं माफ.

फुटाळ्यावरचा

मग नियम तुझाही वेगवेगळाच आहे.

सातवी तार

ओझीपुरता.

फेडरवाला

सातवी तार भाऊ, एक साधा प्रश्न. त्या शोला तुम्ही उभे कुठे होते?

सातवी तार

सगळ्यात पुढे. डाव्या कोपऱ्यात, बॅरिकेडला चिकटून. तीन वाजेपासून रांगेत होतो.

फेडरवाला

म्हणजे खाली ठेवलेल्या सबच्या (बेसच्या मोठ्या स्पीकरच्या) तोंडासमोर, आणि गायकाचा आवाज सोडणारे वरचे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे मारत होते. तुम्ही पोटानं बेस ऐकला आणि कानानं गिटारवाल्याचा अँप. गायक तुम्हाला स्टेजवरच्या मॉनिटरमधून (बँडला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधून) जेवढा गळला तेवढाच मिळाला.

सातवी तार

मागचे लोकही म्हणत होते की फाटला होता.

फेडरवाला

किती मागचे?

सातवी तार

माझ्या मागचे.

तर्रीवाला

म्हणजे दुसऱ्या ओळीतले.

सातवी तार

बरं. पुढच्या वेळी कन्सोलच्या बाजूला उभा राहून ऐकतो. तिथूनही फाटला तर याच धाग्यावर येऊन लिहीन, आणि तेव्हा कोणी विटा काढायच्या नाहीत.

खोट्या टाळीचा ड्रमर

कन्सोलजवळ पाहून उभे राहा. साउंडवाल्याचा चहा सांडला तर तोही बँडवरच जाईल.