प्रतिसाद: जपानी स्त्रीला जमीन होती का?

"प्राचीन जपानमध्ये बाईला काहीच हक्क नव्हते" हे चर्चेत आलेलं विधान सरसकट म्हणून पटत नाही. कुठलं शतक, हे आधी ठरवावं लागेल.

५९२ ते ७७० या काळात सहा स्त्रिया सम्राटपदावर बसल्या. त्यांपैकी दोघी दोनदा, म्हणजे एकूण आठ कारकिर्दी. पण दरबारापेक्षा मला शेतीचा हिशेब जास्त बोलका वाटतो. आठव्या शतकातल्या कायद्यानुसार सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारकडून भातशेती मिळे: पुरुषाला २ तान (तान आणि बू ही तिथली जमिनीची मापं), स्त्रीला त्याच्या दोन तृतीयांश. १ तान म्हणजे ३६० बू, त्यामुळे तिच्या वाट्याला ४८० बू येत. आपल्या मापात त्याला साधारण २३ गुंठे, तिला १५. मेल्यावर जमीन सरकारजमा.

हिस्सा कमी, पण बोजाही कमी. भाताचा सारा दोघांच्या जमिनीवर होता. कापडाचा कर, वेठबिगार आणि लष्करभरती मात्र फक्त पुरुषांवर. पुढे पळवाट निघाली ती इथेच. पोरगा झाला तरी नोंद मुलीची! आवा प्रांताच्या ९०२ सालच्या कुटुंबनोंदवहीत बायकांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट दिसते, ती यामुळे. अशा नोंदवहीवरून लोकसंख्या काढायला गेलात तर फसलातच.

आणि लग्नानंतर मुलगी लगेच सासरी जायची हेही गृहीत धरू नका. हेआन काळातल्या (७९४ ते ११८५) उमराव घराण्यांत नवराच बायकोच्या माहेरी येई, आणि घर बऱ्याचदा लेकीकडे जाई.