भूपाळी 'पारंपरिक' नाही, होनाजीची आहे

ए-३०२ (काका): सेक्रेटरी साहेब, २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाची पत्रिका बघितली. 'घनश्याम सुंदरा' पुढे परत 'पारंपरिक' छापलंय. शाहीर होनाजी बाळाची आहे हो ती! मागच्या वर्षीपण सांगितलं होतं, तेव्हा बघू म्हणालात. कृपया नाव घाला 🙏

बी-१०४: काका ते पिक्चरचं गाणं ना, लताबाईंचं

ए-३०२ (काका): पिक्चर १९५१ चा, शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी'. चाल वसंत देसाईंची, लताबाई आणि पंडितराव नागरकर गायलेत. पण शब्द पेशवाईतले, आणि तो पिक्चरच मुळात होनाजीवर आहे

बी-३०१: टँकरच्या वाटेत पांढरी गाडी कुणाची? ताबडतोब काढा

सी-५०१: तमाशावाले ना ते? मुलांच्या कार्यक्रमात लावणीवाल्यांची नावं कशाला. लावणीच्या आयटमवर मी रविवारीच आक्षेप घेतलाय, कमिटीने अजून उत्तर दिलेलं नाही

डी-२०२: वहिनी, तुमच्या सासूबाई तुळशीला पाणी घालताना रोज हीच भूपाळी म्हणायच्या, मी स्वतः ऐकलीये. लावण्या ज्याने लिहिल्या त्यानेच ही लिहिली

सी-५०१: सासूबाईंना मध्ये आणायची गरज नव्हती.

ए-३०२ (काका): वाद नको. फक्त नाव घाला

बी-१०४: काका आमचा चिरंजीव विचारतोय 'उदयाचली मित्र आला' म्हणजे कृष्णाचा कुठला मित्र आला, पेंद्या का 😄

ए-३०२ (काका): मित्र म्हणजे सूर्य रे! त्याला पुढचं कडवं वाचून दाखव, काढी धार क्षीरपात्र घेउनी धेनु हंबरती. होनाजी पुण्यातला गवळी होता, गाई हंबरायला लागल्या की भांडं घेऊन धारेला बसायचं हे त्याच्या घरातलं रोजचं, म्हणून देवाला उठवतानासुद्धा तो धार काढायला उठ म्हणतो आणि वासरं आचळाकडे बघत उभी आहेत ते सांगतो. हे 'परंपरेने' नाही लिहिलं, एका माणसाने लिहिलंय. आणि दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता त्याला, असातसा नव्हता

डी-२०२: बाळा म्हणजे वडिलांचं नाव का काका?

ए-३०२ (काका): नाही नाही, दोन माणसं. होनाजी शिलारखाने कवनं करायचा आणि बाळा करंजकर गायचा. जोडीचं नाव होनाजी बाळा

बी-१०४: म्हणजे अजय-अतुल 👌

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. पत्रिका छापून आलेल्या आहेत. काकांच्या भावनांचा आदर आहे, पण परत छापायचा खर्च मेंटेनन्समधून करता येणार नाही. दरवेळी शेवटच्या क्षणी सूचना येतात, काम मात्र चारच जण करतात.

ए-३०२ (काका): शेवटच्या क्षणी नाही, मागच्या वर्षी सांगितलं होतं. गठ्ठा माझ्याकडे पाठवा, मी प्रत्येकीवर पेनने लिहितो. स्टेजवरून अनाउन्स करतानापण नाव घ्या

बी-३०१: टँकरवाला परत जातोय!! गाडी!!

सेक्रेटरी: गाडी माझ्या पाहुण्यांची आहे, काढतोय. काका, गठ्ठा वॉचमनकडे ठेवतो.

सी-५०१: सासूबाईंच्या वहीत त्यांच्या अक्षरात पूर्ण भूपाळी आहे. मुलांची कडवी पाठ करून घ्यायला हवी असेल तर फोटो टाकते. लावणीच्या आयटमला माझा विरोध कायम आहे.

ए-३०२ (काका): टाका वहिनी, नक्की टाका