मदत हवी आहे: लाउझित्सच्या तळ्यांना आई-बाबांना न्यायचंय, नक्की कुठलं तळं?

केतकी_बी
येत्या शनिवारी आई-बाबांना घेऊन पूर्व जर्मनीतल्या लाउझित्सच्या तळ्यांना जायचंय. जुन्या कोळसा खाणी भरून केलेली तळी आहेत ना, तीच. कालपासून साइट चाळतेय, डोकं भणभणलंय. एका नकाशावर तळं खुलं दिसतं, दुसऱ्यावर त्याच किनाऱ्याला लाल पट्टा. बोट कुठून सुटते ते धड कुठेच नाही. पोहायचं नाहीये. एका दिवसाची सहल, बस. कुणी प्रत्यक्ष गेलं असेल तर पटकन सांगा, तिकिटं काढायची राहिलीत.

ड्रेस्डेनकर
निघणार कुठून? गाडी आहे का? आई-बाबांचं वय काय, चालणं किती झेपतं? तिकडे वीसच्या वर तळी आहेत, एवढ्या माहितीवर काय सांगणार?

लाइपझिगची_मुग्धा
लाउझित्स सोड, सरळ लाइपझिगला ये. इथलीही तळी खाणींचीच. कॉस्पुडेन 2000 साली खुलं झालं, मार्कलेबेर्ग 2006 साली. शहराला लागूनच आहेत, काठाने डांबरी रस्ता, जागोजागी कॅफे. ष्ट्योर्मथाल तळ्यात 'विनेटा' नावाची चर्चसारखी तरंगती वास्तू आहे, खाणीत गेलेल्या माग्डेबॉर्न गावाच्या आठवणीसाठी. आई-वडिलांना घेऊन लाउझित्सच्या रानात कुठे फिरणार?

सायकलवेडा
रान कसलं! तिथल्यासारखे सायकलरस्ते जर्मनीत दुसरीकडे नाहीत. सपाट, गुळगुळीत, एका तळ्यावरून दुसऱ्यावर. सेन्फ्टेनबर्गला इ-सायकली भाड्याने घ्या आणि थेट 'रोस्टिगर नागेल' गाठा. गंजलेल्या पोलादाचा तीस मीटर उंच मनोरा आहे, वरून सगळी तळी दिसतात. फुकट आहे.

केतकी_बी
बर्लिनहून निघणार. गाडी नाही. बाबा 66, आई 61. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सायकल आणि मनोरा दोन्ही बाद. @मुग्धा, लाइपझिग नकोय, लाउझित्सच हवंय.

गोडबोले_काका
भारतीय लायसन्स असेल तर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत भाषांतर लागतं. त्यानंतर जर्मन लायसन्स काढावंच लागतं. आमच्या भाच्याने...

ड्रेस्डेनकर
काका, तिने लायसन्सचं विचारलंच नाहीये.

केतकी, बर्लिनहून सेन्फ्टेनबर्गला थेट प्रादेशिक गाडी आहे. तिघांत मिळून एक 'ब्रांडेनबुर्ग-बर्लिन' तिकीट काढ. पाच जणांपर्यंत चालतं, शनिवारी सकाळी नऊपर्यंत थांबावंही लागत नाही. स्टेशनपासून बंदर वीस-पंचवीस मिनिटं, रस्ता जुन्या गावातून आणि किल्ल्याजवळून जातो. बोट तिथूनच मिळते. कोशेन कालव्यातून गायर्सवाल्ड तळ्यात जाणारी फेरी घे. 2013 साली खुला झालेला हा कालवा एका रस्त्याच्या आणि श्वार्त्से एल्स्टर नदीच्या खालून जातो. बोट बोगद्यात शिरते आणि तुमच्या डोक्यावरून नदी वाहत असते! पुढे जलपाशात पाण्याची पातळी बदलेपर्यंत थांबावं लागतं, वयस्कर माणसांना ते बघायला फार आवडतं. ऑक्टोबरनंतर फेऱ्या जवळपास बंद होतात, वेळापत्रक आदल्या दिवशी बघ.

लाल पट्ट्याचं गांभीर्याने घे. खाण खणताना काढलेली माती तिथेच सैल टाकलेली असते. खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद झाले की भूजल वर चढतं आणि भिजलेली माती एकाएकी पातळ होऊन वाहायला लागते. 2009 साली सॅक्सनी-आनहाल्टमधल्या नाख्टरश्टेट गावात घरांसकट कडा तळ्यात गेला, तीन माणसं गेली. सेन्फ्टेनबर्गच्या तळ्यातही 2018 साली बेटाची कड घसरली होती. 'लेबेन्सगेफार' म्हणजे जिवाला धोका अशी पाटी दिसली की फोटोसाठीसुद्धा पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

सायकलवेडा
इतकं घाबरवायची गरज नाही. जे खुलं आहे ते ठोकून-ठाकून पक्कं केलेलं आहे.

ड्रेस्डेनकर
घाबरवत नाहीये. तिने लाल पट्ट्याचं विचारलं म्हणून सांगितलं.

अनया_श्प्रे
वाटेत ल्युबेनाऊला उतरा ना! श्प्रेवाल्डमध्ये लांब काठीने ढकलत नेतात ती होडी, दोन्हीकडे झाडं, लोणच्याच्या काकड्या. खाणींपेक्षा शंभरपट सुंदर. माझ्या सासूबाई अजून नाव काढतात.

केतकी_बी
श्प्रेवाल्ड बघून झालंय. बोटीचं कळलं, थँक्यू. पण बाबांना नुसतं पाणी नाही बघायचंय. खाण कुठे होती, मशिनरी कुठली, कडा कसा बसवला, हे बघायचंय. बोटीतून त्यातलं काय दिसणार?

पद्मापूर
ताई, बाबा काय करत होते?

केतकी_बी
वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) होते. सास्ती ओपनकास्टला, शॉवेल-डंपरच्या मेंटेनन्समध्ये, रिटायर होईपर्यंत. बंद खदानीचं तळं केलंय असं मी फोनवर सांगितलं, तेव्हापासून रोज विचारतायत, ओबीचं (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचं) काय केलं म्हणून. म्हणून तर लाउझित्स.

ड्रेस्डेनकर
मग सगळा बेतच वेगळा! सेन्फ्टेनबर्गच्या थोडं आधी, त्याच मार्गावर, ग्रोसरेशेन स्टेशन आहे. तिथे उतर. मॉयरो नावाची खाण होती, 1999 साली बंद झाली, 2007 पासून पाणी भरायला घेतलं. काठावरच्या गच्च्यांवरून अख्खा खड्डा नजरेत येतो, बसायला जागा आहे. आणि तळ्यावर गेलेला धक्का म्हणजे ओबी टाकणाऱ्या जुन्या यंत्राची भुजा आहे. लोखंडी जाळीचा तो सांगाडा तसाच ठेवून त्यावरून चालायची वाट केलीय. मेंटेनन्सवाला माणूस तिथे प्रत्येक रिव्हेट बघत थांबेल.

पद्मापूर
बापा, हे भारीच आहे. आमच्या गावाजवळच्या बंद खदानीत पाणी साचून राहिलं, कठडा नाही, गुरं उतरतात. 2009 पासून क्लोजर प्लॅन (खदान नीट बंद करायचा आराखडा) आणि त्यासाठी एस्क्रो म्हणजे राखीव खात्यात पैसे भरायचा नियम आहे, तरी ही गत. जर्मनीला जमतं, आपल्याला काहून नाही?

लाइपझिगची_मुग्धा
जर्मनीला जमलं ते सरकारी पैशावर. पूर्व जर्मनी कोसळल्यावर जुन्या खाणी सरकारी कंपनीच्या गळ्यात आल्या. बराचसा खर्च आजही केंद्राचा, उरलेला राज्यांचा. आणि नुसतं पाणी सोडून भागत नाही. मातीतल्या पायराइट या गंधकाच्या खनिजामुळे पाणी आंबट होतं, मग बोटीतून चुना फवारायचा, तोही वर्षानुवर्षं. लाउझित्समध्ये 130 च्या वर गावं खाणींखाली पूर्ण किंवा अंशतः गेली, त्यात सॉर्ब लोकांची (इथला स्लाव अल्पसंख्य समाज) कितीतरी. ग्रोसरेशेनचाच ब्युकगेन भाग मॉयरोत गेला. तळ्याचे फोटो बघून सगळं छान झालं म्हणू नका.

पद्मापूर
गावं आमचीबी गेली ताई. पण इथे खड्डा तसाच सोडून देतात, मी त्याबद्दल बोलतोय.

सायकलवेडा
मशिनरीच बघायची तर लिष्टरफेल्डचा एफ-60 सोडू नका! ओबी वाहून नेणारा पूल, 502 मीटर लांब, 11 हजार टनांच्या आसपास. 1991-92 मध्ये जेमतेम वर्षभर चालला आणि खाणच बंद झाली. आता खाली बेर्गहाइड तळं आणि काठावर हा आडवा आयफेल टॉवर. गाइडसोबत वर जाता येतं.

केतकी_बी
वर म्हणजे जिने? आणि बर्लिनहून गाडीविना?

सायकलवेडा
जिने आणि जाळीच्या पायवाटा. गुडघ्यासाठी नको म्हणा. पण खालून बघितला तरी आवाक्यात येत नाही. कालाउला गाडी बदलून फिन्स्टरवाल्ड, पुढे बस किंवा टॅक्सी.

ड्रेस्डेनकर
ग्रोसरेशेन, बोट आणि एफ-60 एका दिवसात गाडीशिवाय कोंबू नका. शनिवारी त्या बसचा भरवसा धरू नका. सकाळी ग्रोसरेशेन, दुपारी सेन्फ्टेनबर्गची बोट. बाबांना आवडलं तर एफ-60 साठी वेगळा दिवस काढ, फिन्स्टरवाल्डहून टॅक्सी आधी ठरवून ठेव.

गोडबोले_काका
टॅक्सीला रोख पैसे ठेवावेत. बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत.

केतकी_बी
ठरलं. सकाळी ग्रोसरेशेन, मग बोट. बाबांना धक्क्याचा फोटो पाठवला, लगेच फोन आला की ही भुजा कापून आणली की सुटी करून. @ड्रेस्डेनकर, माहितीय का? आणि आईला पाण्याची भीती वाटते, बोटीत आत बसायला जागा असते ना?

ड्रेस्डेनकर
बंदिस्त बोट निवड, आत खिडकीजवळ बसता येतं. भुजेच्या जोडांचे फोटो माझ्याकडे आहेत, रात्री टाकतो.