भेगा नसल्या तरी बेल्ट झिजलेला असू शकतो

'बेल्टला एकही भेग नाही, मग थंड इंजिनला किरकिर का?' या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर. बेल्ट म्हणजे इंजिनच्या पुलींवरून फिरून अल्टरनेटर, एसी वगैरे चालवणारा लांब पट्टा. भेगा मोजणं जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टसाठी ठीक होतं. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. धारांमधल्या (बेल्टवरच्या लांब उभारांमधल्या) खाचा रुंद होतात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि पकड सुटते. नव्या बेल्टशेजारी धरून पाहिलं की फरक लगेच दिसतो.

इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून धारांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा. हात, बाह्या लांब ठेवा. आवाज क्षणभर थांबून परतला तर पुली एका रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी आहे. बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे कृपया वापरू नका, खरं दुखणं झाकलं जातं.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, बेल्टच्या मार्गाचा फोटो घ्या. लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) फिरवून बेल्ट गुळगुळीत आयडलरवरून (बेल्टला फक्त वळण देणाऱ्या पुलीवरून) सरकवा. आता प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर किंवा डुगडुग लागली तर बेअरिंग गेलंय, ही तपासणी अजिबात टाळू नका. ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर तेही आधीच थांबवा, नाहीतर नवा बेल्टही खराब होईल.

बेल्टच्या क्रमांकातलं ६पीके म्हणजे सहा धारा. लांबीही जुन्याशी जुळवा. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवा. एक धार बाहेर राहिली तरी काठ फाटतो.