वोय्वोदिनाला ‘तिसरा’ म्हणणं आता पुरे

नदीकाठचा:

सर्बियातल्या फुटबॉलचा विषय निघाला की रेड स्टार आणि पार्टिझान ही दोन नावं आधी येतात. मग कोणीतरी ‘आणि तिसरा वोय्वोदिना’ असं जोडून देतं. मला हा ‘तिसरा’ मनापासून खटकतो, म्हणून हा धागा.

बेलग्रेडचे ते दोन्ही क्लब १९४५ चे. नोवी सादचा वोय्वोदिना ६ मार्च १९१४ चा. तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू व्हायचं होतं आणि नोवी साद ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. साम्राज्याच्या नजरेत संशयित असलेल्या सर्ब तरुणांनी आणि विद्यार्थ्यांनी हा क्लब काढला. त्यांनी निवडलेलं नाव बघा. वोय्वोदिना नावाचा प्रांत १९१४ च्या नकाशावर नव्हताच. १८४८ पासून सर्बांनी धरून ठेवलेली ती मागणी होती, आणि या मुलांनी ती फुटबॉलच्या संघाला दिली. आजचा स्वायत्त प्रांत १९४५ मध्ये झाला, म्हणजे क्लब स्वतःच्या प्रांतापेक्षा जुना आहे. अर्धी लाल, अर्धी पांढरी जर्सी प्रागच्या स्लावियाकडून आली, कारण इथली मुलं शिकायला प्रागला जायची. बेलग्रेडकडून काहीच आलेलं नाही. मग त्याचं मोजमाप बेलग्रेडच्या पट्टीनं का करायचं?

युगोस्लाव्हियाच्या काळात १९६६ आणि १९८९ अशी दोन विजेतेपदं त्यांनी मिळवली. दुसऱ्या महायुद्धानंतर आजपर्यंत, बेलग्रेडबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही सर्बियन क्लबला देशाची लीग जिंकता आलेली नाही. जो एकटाच तिथवर पोचला, त्याला ‘तिसरा’ म्हणून कशाला गुंडाळायचं?

समीर_पुणे:

इतिहास छान मांडलात, पण निष्कर्ष पटला नाही. ‘तिसरा’ ही शिवी नाही, तो हिशेब आहे. १९८९ नंतर एकही लीग नाही. सर्बियन कपच्या अंतिम फेरीत २००७ ते २०१३ या काळातच चार पराभव, आणि त्यानंतर २०१४ आणि २०२० मध्ये विजय. एवढ्यावर बरोबरीचा दावा करता येत नाही.

उलट मला तर आता ‘तिसरा’ हे बिरुदही सांभाळावं लागेल असं दिसतंय. त्याच प्रांतातल्या बाच्का तोपोला या छोट्या गावाचा क्लब २०२२-२३ च्या हंगामात लीगमध्ये दुसरा आला आणि पुढच्या हंगामात युरोपा लीगच्या गटात वेस्ट हॅमसमोर उभा राहिला. त्यामागे हंगेरीचा पैसा आहे हे मान्य, पण गुणतक्त्यात पैशाचा रंग दिसत नाही. जुनेपणावर मोठेपण ठरत असतं, तर जगातले निम्मे मोठे क्लब आज खालच्या श्रेणीतच खेळले असते.

नदीकाठचा:

समीर, तुमच्या हिशेबात एक खातं राहून गेलं. १९८९ चा विजेता संघ कुठे गेला, ते बघा. प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच रेड स्टारकडे गेले. बोरोवोहून आलेला, जेमतेम वीस वर्षांचा सिनिशा मिहायलोविच नोवी सादमध्ये विजेता झाला आणि १९९० च्या अखेरीस तोही रेड स्टारमध्ये गेला. स्लाविशा योकानोविच पार्टिझानला गेला. २९ मे १९९१ ला बारीमध्ये रेड स्टारनं मार्सेला पेनल्टीवर हरवून युरोपियन कप जिंकला. त्या रात्री बाकावर पेत्रोविच होते आणि मैदानात मिहायलोविच.

रेड स्टारच्या खेळाडूंचं श्रेय मी काढून घेत नाही. पण दोन वर्षांपूर्वी विजेता झालेल्या संघाचा कणाच काढून राजधानीत नेला, तर पुढच्या तीस वर्षांचा पराभव फक्त त्याच संघाच्या नावावर कसा लिहायचा?

मेघना_द:

मी दोन वर्षं नोकरीनिमित्त नोवी सादला होते. वोशावर (तिथे सगळे प्रेमानं वोशाच म्हणतात) माझाही जीव आहे. तरी धागाकर्त्यांच्या पहिल्याच पोस्टला माझा विरोध आहे.

तुम्ही नावाची गोष्ट सांगितलीत, ती १९१४ पुरती खरी. पण आज ‘वोय्वोदिना’ या शब्दाचा अर्थ तेवढाच उरलेला नाही. या प्रांतात सर्बियन, हंगेरियन, स्लोवाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुसिन अशा सहा भाषांमध्ये सरकारी कारभार चालतो. माझ्या शेजारच्या आजी घरात हंगेरियन बोलायच्या आणि शहराला कायम उय्विदेक म्हणायच्या. त्या लाल-पांढऱ्या क्लबला ‘आपला’ म्हणायच्या की नाही? कधी म्हणायच्या, कधी नाही. स्टेडियमचं नाव कराजोर्जे, १८०४ च्या सर्ब उठावाचा नेता. त्या नावाखाली बसून त्यांना काय वाटत असेल, हे विचारायला मला तेव्हा धीर झाला नाही.

सामन्याला गेलं की पायाखाली सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा थर असायचा. पेपरच्या पुडीतून बिया खायच्या, टरफल दातानं फोडून खाली टाकायचं, आणि गोल चुकला की पुडीसकट हात डोक्यावर. माझ्या ओळीत मागे स्लोवाक बोलणारे दोन भाऊ होते, पुढे एक निवृत्त सर्ब शिक्षक. एकमेकांना बिया द्यायचे. क्लबची ओळख मला तिथे दिसली. स्थापनेच्या कागदात ती शोधू नका. तुम्ही त्याला फक्त सर्ब बंडाची गोष्ट केलीत, तर त्या भावांना बाहेर काढता.

नदीकाठचा:

मेघना, हे लागलं, आणि बरोबर लागलं. मी जन्माची गोष्ट सांगत होतो, हक्काची नाही. पण जन्म पुसायचा का? महायुद्धानंतर नव्या राजवटीनं क्लबचं नाव ‘स्लोगा’ ठेवलं, म्हणजे एकोपा. शब्द चांगला होता. तरी १९५१ मध्ये जुनं नाव परत आलं. एकोप्याच्या नावापेक्षा लोकांना आपलं नाव हवं होतं.

मेघना_द:

नाव परत यायलाच हवं होतं. त्यात कोणाकोणाला जागा आहे, एवढंच मी विचारतेय.

जुना_बॅक:

तुमच्या दोघांच्या वादात माणसं राहिली. माझ्या मते वोय्वोदिनाची ओळख विजेतेपदं नाहीत आणि नावही नाही. ती खेळाडू घडवणारी शाळा आहे, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही.

वुयादिन बोश्कोव नोवी सादजवळच्या बेगेच गावचा. १९४६ ते १९६० वोय्वोदिनाकडून खेळला, १९६६ च्या विजेतेपदाच्या वेळी क्लबची सूत्रं सांभाळत होता, पुढे रेआल माद्रिदला लीग जिंकून दिली आणि १९९१ मध्ये साम्पदोरियाला इटलीचं विजेतेपद. २०१४ मध्ये गेला, तो नोवी सादमध्येच. क्लबच्या प्रशिक्षण केंद्राला त्याचं नाव आहे. दुशान तादिच बाच्का तोपोलाचाच, तिथून वोशाकडे आला आणि २०१० मध्ये हॉलंडला गेला. सेर्गेय मिलिन्कोविच-साविच २०१४ चा कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात बेल्जियमला गेला. गावातला मास्तर पोरं मुंबईला गेली म्हणून हरलेला नसतो.

समीर_पुणे:

मास्तराची उपमा इथे बसत नाही. मास्तरानं शनिवारी पोरांविरुद्ध सामना खेळायचा नसतो. क्लबला खेळायचा असतो. आणि २०११ च्या अंतिम सामन्याचं काय? पार्टिझानविरुद्ध २-१ नं मागे असताना, पंचांवर संतापून, संपायला काही मिनिटं उरली असताना संघ मैदान सोडून गेला. अन्याय झाला असेल, मी नाकारत नाही. पण ज्याला ‘तिसरा’ नको, त्यानं शेवटच्या शिट्टीपर्यंत उभं राहायला हवं.

नदीकाठचा:

२०११ ची चूक मान्य. मैदानात थांबायलाच हवं होतं.

पण शेवटच्या शिट्टीपर्यंत उभं राहण्याचं म्हणाल, तर ८ मार्च १९६७ ची ग्लासगोची रात्र काढा. युरोपियन कपची उपांत्यपूर्व फेरी. आधीच्या फेरीत वोय्वोदिनानं आतलेतिको माद्रिदला तिसऱ्या सामन्यात, थेट माद्रिदमध्ये, जादा वेळेत ३-२ असं हरवलं होतं. सेल्टिकविरुद्ध नोवी सादचा सामना मिलान स्तानिचच्या गोलवर १-० जिंकला होता. ग्लासगोत दुसऱ्या सत्रात सेल्टिकनं एकूण गोलांत बरोबरी साधली. निकाल तसाच राहिला असता तर तिसरा सामना रॉटरडॅमला. शेवटच्या मिनिटाला उजवीकडून गॅलहरचा कॉर्नर आला, गर्दीत सगळ्यांच्या वर कर्णधार मॅकनील उठला आणि डोक्यानं चेंडू जाळ्यात. पुन्हा बरोबरी साधायला वेळच उरला नाही. त्याच सेल्टिकनं मे महिन्यात लिस्बनला इंटरला हरवून कप उचलला.

त्या रात्री कोणी मैदान सोडलं नव्हतं, समीर.

समीर_पुणे:

तो सामना मला माहीत आहे, आणि तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच. पण तो १९६७ चा आहे. २०२० च्या कपमध्ये पार्टिझानला पेनल्टीवर हरवलं, तसं लीगच्या हंगामाच्या शेवटी एकदा करून दाखवू देत. ‘तिसरा’ मी स्वतः खोडेन.

मेघना_द:

तेव्हा मी शेजारच्या आजींना फोन करेन. या वेळी विचारेन.