आकार जुळत नसताना नमपायने गप्प का बसावं?

खडूस_कोष्टक
नमपाय, म्हणजे पायथनमधली आकड्यांच्या तक्त्यांची लायब्ररी, तिच्यापायी परवा दोन दिवस पाण्यात गेले. घरांच्या किमतींचा अंदाज बांधणारं मॉडेल शिकायचं नाव घेईना. घर कुठलंही द्या, किंमत एकच सांगायचं. शेवटी सापडलं ते असं: खऱ्या किमतींच्या अ‍ॅरेचा (आकड्यांच्या मांडणीचा) आकार (१०००,), म्हणजे नुसती १००० आकड्यांची माळ, आणि अंदाजांचा (१०००, १), म्हणजे १००० ओळी आणि एक स्तंभ. वजाबाकीत नमपायने निमूट १००० × १००० चा तक्ता मांडला, म्हणजे प्रत्येक खऱ्या किमतीतून प्रत्येक अंदाज वजा. पुढे वर्ग, मग सरासरी, आणि हातात एक आकडा. आता आकड्याच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं की मी चुकलोय म्हणून! पटत नसेल तर आडव्या १, २, ३ मधून उभे १, २, ३ वजा करून वर्गांची सरासरी काढा. शून्य यायला हवं, येतं १.३३. आकार वेगळे असतील तर सरळ एरर द्या. ज्याला लहान अ‍ॅरे मोठ्याच्या मापाला ताणून हवाय तो मागून घेईल.

स्तंभलेखक
अहो, नियम एवढासा आहे. आकार उजवीकडून जुळवायचे, जोडीतले आकडे सारखे हवेत किंवा एक तरी १ हवा, कमी पडेल तिथे डावीकडे १ धरायचा. ५०० ओळी आणि ४ स्तंभांच्या तक्त्यातून स्तंभांच्या सरासऱ्या वजा करणं हे रोजचं काम. त्यासाठी दर वेळी परवानगी मागत बसू? आणि नमपाय त्या ४ आकड्यांच्या ५०० प्रतीही काढत नाही, त्या दिशेचं पाऊल शून्य धरून तेच आकडे पुन्हा वाचतो. मॅटलॅब या गणिती भाषेवाल्यांनी असं ताणायला वर्षानुवर्षं बीएसएक्सफन हे वेगळं फंक्शन लिहिलं आणि २०१६ मध्ये तेही याच वाटेला लागले.

खडूस_कोष्टक
स्तंभांचं सोडा, ओळींच्या सरासऱ्या वजा करा. (५००,) हे ४ शी जुळत नाही, एरर येते, झकास. आता तक्ता ४ × ४ चा घ्या. तोच कोड हूं की चूं न करता चालतो आणि उत्तर साफ चुकीचं देतो. ओरडायचं की नाही हे डेटाच्या आकारावर ठरणार असेल तर त्याला नियम कसला म्हणायचा?

स्तंभलेखक
सरासरी काढताना कीपडिम्स लावा की, आकार (५००, १) असा उभाच राहतो. विषय संपला.

टिंबटिंब
म्हणून ज्युलिया ही भाषा घ्या. उभ्या माळेतून आडवी ओळ वजा करायला गेलात तर डायमेन्शन मिसमॅच. वजाच्या चिन्हाआधी टिंब द्या, मग तक्ता मिळेल. स्वतःचं फंक्शनही नावापुढे टिंब दिलं की घटकागणिक चालतं, तेही वेगात. तीच सोय देणारं नमपायचं व्हेक्टराइझ म्हणजे आतून फॉर लूपच!

रांगेतला_शेवटचा
टिंबाचं फार कौतुक नको. एकदा सवय लागली की माणूस मीठ भुरभुरल्यासारखी टिंबं टाकतो, मग राखण कोण करणार? धागाकर्त्याची चूक ज्युलियात टिंब देऊनही झाली नसती, पण कारण वेगळंच आहे. तिथे आकार डावीकडून जुळवतात, म्हणून (१०००,) आणि (१०००, १) मिळून (१०००, १) च येतं. आर ही भाषा तर याहून बिनधास्त, छोटी माळ पुन्हा पुन्हा वापरते. १, २, ३, ४ मध्ये १०, २० मिळवा, ११, २२, १३, २४ येतात. लांबीचा पट नीट बसला नाही तरच वॉर्निंग.

अवांतर: सगळ्या घरांना एकच किंमत का, तर त्या तक्त्यात प्रत्येक अंदाजाची गाठ सगळ्याच खऱ्या किमतींशी पडते. अशा वेळी चूक सर्वांत कमी करायची तर सरासरी सांगून मोकळं व्हावं. मॉडेल बिचारं नीटच शिकलं होतं.

खडूस_कोष्टक
हे अवांतर बाकी भारी! दोन दिवस मी त्यालाच शिव्या घालत होतो. आता वजाबाकीआधी आकार तपासणारं असर्ट (अट मोडली की कोड थांबवणारी ओळ) टाकलंय. पण ते टाकावं लागतं, हीच तर तक्रार.

स्तंभलेखक
पायटॉर्च या मॉडेल शिकवायच्या लायब्ररीचा तयार एमएसई लॉस (चुकांच्या वर्गांची सरासरी) वापरला असतात तर आकार वेगळे असल्याची वॉर्निंग आली असती.

खडूस_कोष्टक
म्हणजे त्यांनाही ते खटकलंच ना?