मुलगा मराठी घडाघडा बोलतो, वाचायचं म्हटलं की त्याला तहान लागते

तिसरीची_आई

मुलगा 8 वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यम. घरी पूर्ण मराठी. शाळेत मराठी आहे (महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानंतर सगळीकडेच आहे), पण आठवड्याला तीनच तास. इंग्रजी पुस्तक स्वतःहून उचलतो. मराठी पुस्तक पुढे केलं की तहान, शू, झोप, सगळं एकदम. वाचायला बसवलं तर एकेक अक्षर लावत जातो आणि पाच मिनिटांत पुस्तक मिटतो. तीच गोष्ट मी वाचून दाखवली तर अर्धा तास हलत नाही. बक्षिसाचा तक्ता लावला, तो आठवडाभर चालला. गोडी लावायला नक्की काय करावं?

पाटीपेन्सिल

तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. ऐकायला आवडतं, इंग्रजी वाचतो, म्हणजे गोष्टींचा कंटाळा नाही. मराठी वाचणं त्याला जड जातंय, आणि जड जाणारं काम कुणालाच आवडत नाही.

आधी मोजून बघा. त्याने न वाचलेल्या पुस्तकातले सलग 100 शब्द घ्या. तो वाचताना तुम्ही शेजारी कागदावर फक्त अडलेले शब्द लिहा, सुधारू नका. 5 पर्यंत अडला तर ते पुस्तक त्याला एकट्याला झेपेल. 6 ते 10 असेल तर सोबतीने. त्यापुढे गेला तर ते पुस्तक सध्या वाचून दाखवण्याचं. बहुतेक घरांत मुलाच्या हातात नेमकं हे तिसरंच पुस्तक असतं, कारण ते वयानुसार विकत घेतलेलं असतं.

मग ती अडलेल्या शब्दांची यादी नीट बघा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या यादीत हटकून तीन गोष्टी सापडतात.

पहिली म्हणजे र. दिसायला चार तऱ्हेचा: क्रम, ट्रक, सूर्य, दऱ्या. यात रफार सगळ्यात वाईट, कारण तो बोलायचा आधी आणि दिसतो नंतर. 'सूर्य' वाचताना डोळा य वर पोचतो, तोंडातून 'सूय' निघून गेलेलं असतं, मग डोक्यावरचा रफार दिसतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहून द्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फरक त्याच्या कानाला माहीत आहे, डोळ्याला नाही.

दुसरी, लांब शब्द. त्याला 'रस्ता' वाचता येतो, पण 'रस्त्यावरून' आलं की ओळखीचा शब्दच गायब होतो. 'घराभोवतालच्या' हा त्याच्यासाठी सात अक्षरांचा डोंगर आहे. पेन्सिलीने हलक्या रेघा मारा: घरा|भोवताल|च्या, रस्त्या|वरून. पहिल्या दोन पानांवर तुम्ही मारा, तिसऱ्या पानावर त्याला मारू द्या. 'करवत' तो क-र-व-त असा चार ठोक्यांत वाचत असेल, तर कर|वत असं तोडलं की लगेच बोलल्यासारखं होतं. असं तोडून वाचायला लागला की वेग आपोआप येतो.

तिसरी, छपाई. आपल्याकडे पाकळीवाला ल आणि देठवाला श शिकवतात, पण बऱ्याच पुस्तकांत आणि मोबाइलवर हिंदी वळणाचे ल-श असतात. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, मूल मात्र थबकतं. दोन्ही वळणं एकदा कागदावर काढून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. घ-ध, भ-म, थ-य याच वेळी उरकून घ्या.

हा सराव रोज 10 मिनिटं आणि गोष्टीच्या पुस्तकावर नाही. आठवड्याला जोडाक्षरांचं एकच कुटुंब: या आठवड्यात रफार, सहा-सात चिठ्ठ्या (गर्दी, वर्ग, सर्कस, बर्फ, कुर्ता, अर्धा). गोष्ट वाचताना जोडाक्षरं शिकवायला बसलात की गोष्ट मेली.

कपाट_क्रमांक_७

वरचं सगळं बरोबर, फक्त गोष्ट वाचायची कशी तेही सांगायला हवं. बालवाचनालयात चालणारी पद्धत अशी:

पुस्तक मुलाने निवडायचं. शेजारी बसा, समोर नाही. दोघांनी एकदम मोठ्याने वाचायचं, तुमचा वेग त्याच्याएवढा, जेमतेम अर्धा शब्द पुढे. ओळीखाली कागदाची पट्टी. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टेबलावर टकटक करायची, तुम्ही तिथेच गप्प. अडला तर मनात पाच आकडे मोजा. नाहीच जमलं तर शब्द सांगून टाका, तो एकदा म्हणेल, आणि परत दोघं मिळून सुरू. 'अक्षर लाव', 'कालच सांगितलं होतं ना' हे दोन्ही बंद. 'घर'च्या जागी 'घरी' वाचलं आणि अर्थ बिघडला नाही, तर सोडून द्या. 10 ते 15 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पुरे.

सहसा बिघडतं ते सुरुवातीच्या आठवड्यांतच, कारण टकटक होत नाही आणि पालक वैतागून 'आता तू वाच' म्हणतात. टकटक त्याचीच असली पाहिजे.

पुस्तकांबद्दल. तात्पर्यवाल्या गोष्टींपासून सुरुवात नको. शेवटी आपल्याला काही ऐकवणार आहेत हे मुलांना पहिल्या पानावर कळतं. विनोद, कोडी, चित्रकथा, किडे, क्रिकेट, काहीही चालेल. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत आणि पातळ्या दिलेल्या आहेत: पहिली 250 शब्दांच्या आत, दुसरी साधारण 600 पर्यंत. तिसरीतला म्हणून तिसरी पातळी उघडू नका, पहिलीपासून घ्या. लहान मुलांचं वाटलं तर 'धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला तयारी कर' म्हणा, मान राहतो. 'किशोर' मासिक 1971 पासूनचं, जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत. मात्र त्यांतली पानं दाट छपाईची. सध्या त्यातली कोडी आणि चित्रं, कथा पुढच्या वर्षी.

घरात आठ-दहा पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवा, कणा नाही. पंधरवड्याने बदला. एकच पुस्तक सातव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या, ओघ तिथेच येतो. पाच पानांत आवडलं नाही तर टाकून द्यायची मुभा. आणि वाचून झाल्यावर 'काय शिकलास?' विचारू नका.

मधली_सुट्टी

बक्षिसाच्या तक्त्याबद्दल कुणी बोललं नाही. पानामागे चांदणी दिली की मूल सगळ्यात पातळ पुस्तक शोधतं, यात त्याची चूक नाही. द्यायचंच तर पुढचं पुस्तक निवडायचा हक्क द्या, किंवा झोपायची वेळ 15 मिनिटं पुढे, पण ती फक्त वाचण्यासाठी.

दुसरं, डोळे तपासून घ्या. पुस्तक नाकाशी धरणं, ओळ सुटणं, वाचल्यावर डोकं दुखणं यातलं काही असेल तर आधी ते. इंग्रजीही असंच अडखळत असता, घरात मोठ्या कुणाला हाच त्रास असता, तर डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवली असती (2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे). इंग्रजी सहज वाचतो म्हणताय, तेव्हा लिपीचा सराव कमी पडलाय हीच शक्यता जास्त. पण दोन-तीन महिने नेमाने करून काहीच हललं नाही तर थांबू नका, दाखवा.

तिसरीची_आई

मोजलं. 100 पैकी 14 अडले. 9 जोडाक्षरं, त्यात 5 रफार! 'वर्षा' हे मावशीचं नाव 'वषार' वाचलं आणि स्वतःच हसला. एक शंका: त्याच्या आजीने गोष्टी रेकॉर्ड करून पाठवल्या तर चालतील का? त्या गावी असतात.

कपाट_क्रमांक_७

चालतील, पण पुस्तक हातात असताना. आजींना तेच पुस्तक पाठवा, सावकाश वाचायला सांगा आणि पान उलटताना 'उलट रे' म्हणायला सांगा, नाहीतर तो मागे पडतो आणि नुसता ऐकत बसतो. एका वेळी पाच-सहा मिनिटांचंच रेकॉर्डिंग. शेवटची दोन पानं आजींनी वाचायचीच नाहीत.

पाटीपेन्सिल

पहिली चिठ्ठी 'वर्षा' करा.